भंगाळे गार्डांचा ‘इस सप्ताह’

पांडुरंग भंगाळे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्यासकट निम्मं बुंदेलखंड रस्त्यात उभं करून ठेवलं होतं.

मी बदली होऊन झाशीला येत होतो. सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर देव आणि पायांत गॅसची शेगडी सांभाळत प्रेम नगरात शिरत होतो. एवढ्यात एक ठेंगणे, गोलसर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उगवले आणि त्यांनी हात लांब करून लाल झेंडी धरली. ट्रक थांबला. ट्रकमागे पाण्याचा टँकर थांबला. टँकरमागे एक वरात थांबली. घोडा थांबला, बँड थांबला, नाचणारे मामे एक पाय वर असतानाच थांबले. त्यांच्यामागे म्हशी होत्या. झाशीच्या म्हशी कलेक्टरच्या गाडीलाही वाट देत नाहीत, पण त्याही थांबल्या. ती रांग म्हणे वाढत वाढत शहराबाहेर पडली आणि पार एरचला बेतवाच्या काठापर्यंत पोचली. तिथे एक ट्रॅक्टरवाला संध्याकाळपर्यंत ‘काए भैया, आगे का हो गओ?’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत बसला होता.

पुढे झालं होतं ते एवढंच, की एक गटार तुंबलं होतं. गटाराशेजारी खुर्ची टाकून एक तरुण मुलगी हातात माईक घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर भरघोस मिशांचा एक माणूस खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन गटारावर नेम धरून उभा होता. गृहस्थांनी दुसऱ्या हातातली हिरवी झेंडी उंच केली, छाती भरून घेतली आणि शिट्टी फुंकली. वरातीचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि नवरदेव उडून थेट आमच्या ट्रकवर आला. वर माझ्या गाद्या होत्या म्हणून ते लग्न लागलं.

गटाराचं काम आटोपल्यावर गृहस्थ ट्रकजवळ आले. सामानात बांधलेली विळी त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मराठी?”

“हो.”

“कुठले?”

“साताऱ्याचे.”

“असू द्या,” ते मोठ्या मनाने म्हणाले. “मी भंगाळे. भुसावळचा. रविवारी आमच्या प्रोग्रामला तज्ज्ञ म्हणून या.”

“कशातला तज्ज्ञ?”

“ते रविवारी ठरवू. आधी या तर खरं!”

अशा रीतीने, घरात गॅस जोडून व्हायच्या आत, मी झाशीच्या टेलिव्हिजनवरचा तज्ज्ञ झालो. पुढच्या दिवसांत मी डास, अर्थसंकल्प, मोकाट कुत्री, शिक्षणाचं धोरण आणि यंदाची थंडी या विषयांवर अधिकारवाणीने बोललो. अधिकार मला भंगाळ्यांनी दिला होता.

झाशीत केबल नुकतीच आली होती तेव्हाची ही गोष्ट. जयसिंग नावाच्या ठाकुराने आपल्या गच्चीवर भली मोठी छत्री उभारली होती आणि तिथून कडुलिंबांच्या फांद्यांवरून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना विळखे घालत, प्रेम नगरातल्या घराघरांत तारा नेल्या होत्या. त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर दिवसा काहीच नसे, संध्याकाळी पिक्चर असे, आणि रविवारी आठ वाजता ‘इस सप्ताह’. शहरातल्या ताज्या घडामोडींचा साप्ताहिक कार्यक्रम, एका साडीवाल्या लालाच्या जाहिरातीवर चालणारा. निर्माते आणि सर्वेसर्वा : पां. भंगाळे, रिटायर्ड गार्ड, मध्य रेल्वे. झाशीत त्यांना सगळे ‘गार्डसाब’ म्हणत.

गार्ड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादी ऐटदार एक्स्प्रेस येईल तर ती बाजूला काढा. भंगाळे मालगाडीचे गार्ड होते. उभी सर्व्हिस त्यांनी कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात, एकट्याने, मागे तोंड करून काढली. ड्रायव्हरला येणारं जग दिसतं, गार्डाला गेलेलं. चालू घडामोडींचा कार्यक्रम काढायला याहून चांगली तालीम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण त्या सर्व्हिसने त्यांच्या मनाला एक काटा टोचून ठेवला होता. मालगाडीला कोणी विचारत नाही. मागून पॅसेंजर आली की मालगाडी बाजूच्या रुळावर काढा. एक्स्प्रेस आली, काढा. साहेबाचा सलूनचा डबा आला, काढा. मऊरानीपूरच्या बाजूच्या रुळावर तर भंगाळे इतक्या वेळा उभे राहिले होते, की तिथल्या एका कडुलिंबाला त्यांनी रोपापासून वाढताना पाहिलं होतं.

“अख्ख्या सर्व्हिसमध्ये,” ते एकदा मला हळू आवाजात म्हणाले, “माझी गाडी एकदाही राइट टाइम पोचली नाही. एकदाही नाही हो!”

एवढंच नव्हे. निरोपसमारंभाच्या दिवशी त्यांना झाशीला आणणारी गाडीही ललितपूरला अडकली. साहेबांना घाई होती, म्हणून समारंभ रिकाम्या खुर्चीसमोर उरकण्यात आला. हार खुर्चीला घातला. भंगाळे पोचले तेव्हा हार होता, समोसे संपले होते.

तेव्हा ‘इस सप्ताह’ काढण्यामागे त्यांची महत्त्वाकांक्षा लोकजागृती वगैरे नव्हती. ती नंतर चिकटली. त्यांना आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ठरलेल्या वेळेला ठरलेली गाडी सोडायची होती. आठ म्हणजे आठ. पण त्यासाठी त्यांनी जी पद्धत आखली होती तिने सूर्यालाही उगवायला उशीर झाला असता.

स्टुडिओ म्हणजे भंगाळ्यांची पुढची खोली. तिथे रविवारी संध्याकाळी भाग कॅसेटवर भरायचा आणि कॅसेट जयसिंगच्या गच्चीवर पोचवायची. भिंतीवर अनुसयाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, निळी चादर ताणलेली. भंगाळे सगळ्यांच्या मागे, आपल्या सर्व्हिसमधल्या काळ्या पत्र्याच्या पेटीवर बसत, कारण गार्डाची जागा शेवटी. ‘अॅक्शन’ आणि ‘कट’ हे शब्द त्यांना थिल्लर वाटत. सुरू करायला हिरवी झेंडी आणि शिट्टी, थांबवायला लाल, आणि वीज गेली तर हातातला कंदील, त्यालाही हिरवी-लाल काच. गाडी सुटण्यापूर्वी प्रत्येकाने हात वर करून ‘सब ठीक’ची खूण द्यायची. आधी कॅमेरा, मग निवेदिका, मग तज्ज्ञ, मग पाहुणा. पाहुण्याला हे ठाऊक नसे. तो नमस्कार करी. नमस्कार म्हणजे खूण नव्हे. पुन्हा पहिल्यापासून.

कॅमेरा तानाजीकडे होता. तानाजी बबिन्याच्या छावणीतून रिटायर झालेला, रणगाड्यावरचा गोलंदाज. त्याला निशाण दिलं की तो कंबरेपासून वर सबंध फिरे, निशाणावर स्थिर होई आणि मग सरकार बदललं तरी हलत नसे. एकदा एका डॉक्टरांच्या कानावर त्याचा नेम लागला. बालसंगोपनावरचा तो अख्खा भाग लोकांनी त्या कानाकडे बघत ऐकला.

निवेदिका इंदू. झाशीतच, खंडेराव गेटजवळ, तिच्या मराठी घराण्याच्या कित्येक पिढ्या गेलेल्या. शाळेत शिकवायची. मराठी तिला सगळं कळे, पण बोलायला लागली की मध्येच रूळ बदले. “काका, मी कोशिश करते मराठीची, पर हिंदी आधी निघून जाते,” म्हणायची. भंगाळे ज्याला ‘यार्ड’ म्हणत त्या कॅसेटींच्या कपाटाला ती मात्र अस्सल जुन्या घरातल्यासारखं ‘फडताळ’ म्हणे. बोलायला धीट, आणि पाहुण्याने थाप मारली की तिची भुवई वर जाई. त्या भुवईला प्रेम नगरात मान होता.

अनुसयाबाई स्वयंपाकघरात असत, पण कार्यक्रमात त्यांचा वाटा मोठा होता. भंगाळ्यांची शिट्टी आणि त्यांच्या कुकरची शिट्टी एकाच पट्टीतल्या. कुकर वाजला की तानाजी कॅमेरा सुरू करी, इंदू ‘नमस्कार, इस सप्ताह में आपका स्वागत है’ म्हणे, आणि भंगाळे लाल झेंडी घेऊन धावत.

“अहो, किती वेळा सांगितलं! माझ्या परवानगीशिवाय कुकर लावू नका!”

“बरं. मग जेवण पण मंगळवारी करा,” आतून उत्तर येई. “तुमच्या प्रोग्रामसारखं.”

हा टोला वर्मी लागे, कारण तोपर्यंत गाडी खरोखरच लेट धावू लागली होती. आठचा कार्यक्रम आधी नऊच्या पुढे आणि मग नेमाने साडेनऊला लागे. ते एक वेळ सोडून द्या. झाशीत साडेनऊला आठ म्हणण्याइतकं मन मोठं आहे. खरी गंमत पुढे झाली.

पावसाळ्यात एका रविवारी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी उगवली. दुसरा कोणी असता तर त्याने तो भाग सोडून दिला असता आणि पुढच्या रविवारी नवा दाखवला असता. पण भंगाळ्यांच्या रेल्वेत गाडी लेट होते, रद्द होत नाही.

“बातमी म्हणजे माल आहे,” त्यांनी आम्हाला समजावलं. “एकदा बुक झाला की पोचवायचा. शिळा झाला म्हणून रस्त्यात उलटा करायचा नाही.”

“पर काका, नई कॅसेट?” इंदूने विचारलं.

“ती मागे उभी राहील. पुढची गाडी रुळावर असताना मागची काढली तर काय होतं?”

“काय होतं?”

“टक्कर!” भंगाळे उभे राहून म्हणाले. आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

म्हणून त्या आठवड्याची बातमी पुढच्या आठवड्यात गेली आणि पुढच्याची त्याच्या पुढच्या. मग एका रविवारी क्रिकेटची मॅच आली. मग जयसिंगने आपल्या घरच्या मुंजीची कॅसेट सबंध दाखवली. मग इंदूला गालगुंड झालं. दर वेळी यार्डात एक गाडी वाढली. आम्ही दर आठवड्याला इमानेइतबारे ताजा भाग तयार करत होतो, आणि तो ताजा भाग आपल्या पाळीची वाट बघत फडताळात शिळा होत होता. दसऱ्यापर्यंत ‘इस सप्ताह’ महिन्याहून जास्त लेट झाला.

प्रेम नगराला त्याचं काही वाटलं नाही. उलट सोय झाली. मॅच कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे माझे अंदाज ऐकायला लोक शेजाऱ्यांना बोलावू लागले. मी पडद्यावर ‘भारत सहज जिंकेल’ म्हटलं की सगळी गल्ली टाळ्या पिटून हसे. साथीच्या तापाविरुद्ध घ्यायची काळजी लोकांनी ताप येऊन गेल्यावर ऐकली आणि ‘बरोबर सांगत होते’ अशी पावती दिली. नगरपालिकेच्या निवडणुकीतली उमेदवारांची चर्चा निकालानंतर लागली. त्यात पडलेला उमेदवार इतकं सुरेख बोलला, की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी पाचपन्नास लोक त्याच्या घरी जाऊन ‘अब का करें?’ असं विचारून आले.

आणि मग जगन्नाथप्रसादांचा भाग लागला.

जगन्नाथप्रसाद हे प्रेम नगरातून निवडून आलेले सभासद, म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक. निवडून येताच त्यांनी आमच्या निळ्या चादरीसमोर बसून छातीवर हात ठेवला होता : “आज से एक महीने में प्रेम नगर में पानी की पाइपलाइन! टंकी का पानी, घर घर में पानी! नहीं आया तो मुझसे आकर पूछिए, मैं दरवाजे पर खड़ा मिलूँगा।”

हे साधारण कार्यक्रमात बोलले असते तर महिनाभरात लोक विसरले असते. सगळं राजकारण त्या भरवशावर चालतं. पण भंगाळ्यांची गाडी लेट होती. ते आश्वासन प्रेम नगराच्या घराघरांत पोचलं तेव्हा महिना उलटून वर चार दिवस झाले होते. लोकांनी ऐकलं, नळाकडे पाहिलं, बादल्या उचलल्या आणि तसेच जगन्नाथप्रसादांच्या दारात गेले. ते दारात उभे नव्हते. गच्चीवर, पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसले होते.

एका रात्रीत ‘इस सप्ताह’ हा झाशीतला सर्वांत भेदक कार्यक्रम झाला. पुढारी आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालू लागले. आपण महिन्यापूर्वी काय बोललो होतो ते आठवेना, आणि ते कोणत्या रविवारी येऊन पोचेल तेही कळेना. भंगाळ्यांना यातलं काहीच उमगलं नाही. लोक अभिनंदन करायला आले की ते खजील होऊन म्हणत, “नाही हो, फार लेट झाली. माफ करा.”

जगन्नाथप्रसादांनी जयसिंगला गाठलं. काय बोलणं झालं देव जाणे, पण दिवाळीनंतरच्या आठवड्यात जयसिंग भंगाळ्यांच्या घरी आला. आम्ही सगळे तिथेच होतो. अनुसयाबाईंनी भुसावळी वांग्याचं भरीत केलं होतं. वांगी भुसावळहून गार्डांच्या डब्यातून, हस्ते परहस्ते, आली होती आणि राइट टाइम पोचली होती, हे त्या दोनदा सांगून चुकल्या होत्या.

जयसिंग पानात वाढलेल्या भरताकडे बघत म्हणाला, “गार्डसाब, हम तुमाई भौत इज्जत करत हैं।”

“बोलो भैया.”

“मनो ऊपर से प्रेशर है। नाम है ‘इस सप्ताह’, और चलत है पिछले महीने को। अब जा इतवार को आठ बजे जाई इतवार की खबर चलनी चइये। नईं चली, तो अगले इतवार से आठ बजे पिच्चर।”

येत्या रविवारी आठला त्याच रविवारची बातमी, नाहीतर कार्यक्रम बंद! भंगाळ्यांचा घास हातातच राहिला. “आणि यार्डातल्या गाड्या?”

“फेंको उनको।”

मालगाडीच्या गार्डाला ‘माल फेका’ म्हणणं म्हणजे काय, हे जयसिंगला ठाऊक नव्हतं. भंगाळे ताटावरून उठले. अनुसयाबाई भरताच्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, “घ्या. हे पण लेट.”

कार्यक्रम वाचवायचा तर लेट भरून काढायला हवा, आणि एकही कॅसेट टाकायची नाही. भंगाळे दोन दिवस खोलीत येरझाऱ्या घालत होते. मग त्यांच्या डोक्यात आलं, की जयसिंगचं चॅनल दिवसा रिकामं असतं. रूळ मोकळे आहेत! शनिवारी सकाळपासून सगळ्या अडकलेल्या गाड्या एकीमागे एक सोडून द्यायच्या आणि रविवारी यार्ड साफ.

तो शनिवार प्रेम नगर विसरलेलं नाही. सकाळी चहाबरोबर दसरा झाला. अंघोळीच्या सुमारास दिवाळीच्या मिठाईतली भेसळ ओळखायच्या खुणा सांगण्यात आल्या. कांदा न्याहारीला चढला, कपडे वाळत घालताना उतरला आणि जेवणाला पुन्हा चढला. बायका पिशव्या घेऊन बाजारात धावल्या, परत आल्या, पुन्हा धावल्या. एका दूधवाल्याची म्हैस पहिल्या कॅसेटमध्ये हरवली. लोक हळहळले. दुसरीत तिचा शोध चालू होता, तिसरीत ती सापडली आणि गल्लीत पेढे वाटले गेले. चौथीत ती पुन्हा हरवली. तेव्हा दूधवाला स्वतः घरातून ओरडत बाहेर आला, “अरे, वो घर में बँधी है!” पण कोणी विश्वास ठेवेना. टीव्हीवर तो रडत होता.

मी सकाळी ‘यंदा थंडी पडणार नाही’ असं ठामपणे सांगितलं आणि दुपारी पडलेल्या थंडीची कारणं दिली. शेजारच्या एका म्हातारबुवांनी संध्याकाळी मला विचारलं, “भैया, आज कौन सो महीना है?” मला चटकन सांगता आलं नाही.

दिवेलागणीला शेवटची कॅसेट संपली. भंगाळ्यांनी फडताळाचा रिकामा कप्पा हाताने पुसून पाहिला. “यार्ड क्लिअर,” ते म्हणाले.

रविवारी कॅसेटची भानगडच नको, म्हणून कार्यक्रम थेट जयसिंगच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून करायचा ठरलं. तानाजीने काळी पेटी खांद्यावरून वर चढवली. निळी चादर आली. कुकर घरी राहिला. पाहुणे म्हणून स्वतः जगन्नाथप्रसाद आले होते. गाडी आठला सुटणार नाही याची त्यांना खात्री होती आणि ते दृश्य त्यांना जवळून पाहायचं होतं.

आम्ही इतक्या लवकर तयार झालो की भंगाळे गोंधळून गेले. वेळेआधी तयार झालेल्या माणसाने उरलेल्या वेळात काय करायचं असतं, हे त्यांना सर्व्हिसमध्ये कोणी शिकवलंच नव्हतं. ते पेटीवर बसले, उठले, झेंड्यांच्या काठ्या पुसल्या, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं. अनुसयाबाई पहिल्यांदाच कार्यक्रमाला आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, “अहो, श्वास घ्या.”

कॅमेऱ्याने हात वर केला. इंदूने केला. मी केला. जगन्नाथप्रसादांनी नमस्कार केला, तेव्हा इंदूने त्यांचा हात धरून वर केला. घड्याळाचा काटा आठवर आला आणि शिट्टी झाली. आठ म्हणजे आठ.

आणि काय सांगू, ‘इस सप्ताह’चा तसा भाग आधी कधी झाला नव्हता. तानाजीचा नेम पहिल्याच फटक्यात जगन्नाथप्रसादांच्या बरोबर चेहऱ्यावर लागला आणि तिथून हलला नाही. इंदूने पाइपलाइनचं विचारलं. ते म्हणाले, काम प्रगतिपथावर आहे. इंदूची भुवई वर गेली. ते म्हणाले, पाइप मंजूर झाले आहेत. भुवई तिथेच. ते म्हणाले, पाइप आलेले आहेत. “आए हैं तो कहाँ हैं?” इंदूने विचारलं. एका न हलणाऱ्या कॅमेऱ्यासमोर आणि एका न उतरणाऱ्या भुवईसमोर माणूस किती टिकेल? जगन्नाथप्रसादांच्या कपाळावर घाम आला आणि ते फुटले : प्रेम नगरचे पाइप त्यांच्या मेव्हण्याच्या नव्या कॉलनीत पुरले गेले होते. त्यांनी हात जोडले. डोळे पुसले. महिन्याभरात उपटून आणीन म्हणाले.

मी तज्ज्ञ म्हणून बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेळ संपली. लाल झेंडी. गाडी सुटली राइट टाइम आणि पोचली राइट टाइम.

खोलीत एक काळा टेलिफोन होता. दर रविवारी तो कार्यक्रमभर खणखणत असे : आवाज नाही, चित्र हलतंय, हे मागच्या महिन्याचं आहे, आमची म्हैस दाखवा. त्या संध्याकाळी तो एकदाही वाजला नाही.

“बघितलंत?” भंगाळे माझा हात दाबून म्हणाले. “एक तक्रार नाही! सगळी लाइन क्लिअर!”

जयसिंग टेलिफोनकडे बघत होता. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला. टेलिफोन चालू होता.

खाली उतरल्यावर उलगडा झाला. प्रेम नगर जेवत होतं. कोणी गल्लीत शतपावली करत होतं, कोणी पान खायला गेलं होतं. आठ वाजताचा ‘इस सप्ताह’ साडेनऊला लागतो हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं, त्यामुळे साडेनऊला सगळ्यांनी शिस्तीत टीव्ही लावले आणि पडद्यावरच्या मुंग्या बघत बसले. रात्री शेजारी मला म्हणाले, “गार्डसाब आज भौत लेट कर रए हैं।”

सोमवारी सकाळी जयसिंग भंगाळ्यांकडे आला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. भंगाळ्यांचं फुललेलं.

“शर्त आपने पूरी कर दी, गार्डसाब। मनो देखो काऊ ने नईं। और साड़ीवाले लाला बिना देखे प्रोग्राम में विज्ञापन नईं देंगे।” कोणी न पाहिलेल्या कार्यक्रमाला लाला जाहिरात देणार नव्हता. मग जयसिंग पुढे सरकून बसला. “तानाजी ने कैसेट तो भरी है न? आज साढ़े नौ बजे फिर से चला देत हैं। पूरा मुहल्ला देखेगो। जगन्नाथ की पोल खुलेगी, लाला खुश, प्रोग्राम चालू। हम ऊपरवालों से निपट लेंगे।”

आम्ही सगळे भंगाळ्यांकडे बघू लागलो. एक ‘हो’ म्हणायचं होतं. इंदू म्हणाली, “काका, हो म्हणा ना. पानी येईल सगळ्यांना.”

भंगाळ्यांनी ती कॅसेट मांडीवर घेतली होती. तिच्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती : ‘राइट टाइम’.

“इंदू,” ते म्हणाले, “ही गाडी आठला सुटली, वेळेवर पोचली. आता तिला परत यार्डातून काढून साडेनऊला सोडायची? म्हणजे ती लेट झाली की नाही?”

“अहो, दुसऱ्यांदा दाखवायचं फक्त!” मी म्हटलं.

“पोचलेला माल दुसऱ्यांदा पोचवत नाहीत. तो पोचलाय.”

“कोणाला पोचला?” अनुसयाबाईंनी विचारलं.

यावर भंगाळ्यांनी खूप विचार केला. “ते गार्डाचं काम नाही,” ते शेवटी म्हणाले. “उतरवून घ्यायला प्लॅटफॉर्मवर माणसं नव्हती, त्याला गाडी काय करणार?”

आम्ही आठवडाभर समजावलं. तानाजीने तर कॅसेट पळवायची योजना आखली होती, रणगाड्याच्या पद्धतीने, म्हणजे दार तोडून. पण अनुसयाबाईंनीच त्याला अडवलं. “राहू दे रे,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी त्यांची गाडी वेळेवर आली आहे. असू दे त्यांच्याजवळ.” जगन्नाथप्रसादांनी भंगाळ्यांना पेढ्यांचा पुडा पाठवला. भंगाळ्यांनी तो वेळेवर गाडी सोडल्याबद्दलचा समजून सगळ्यांना वाटला.

पुढच्या रविवारपासून आठ वाजता पिक्चर लागू लागला. प्रेम नगरात पाण्याचा टँकर येत राहिला. वर्षभराने भंगाळे भुसावळला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी सगळ्या कॅसेटी जयसिंगकडे जपून ठेवायला दिल्या, आणि ‘राइट टाइम’ लिहिलेल्या कॅसेटवर जयसिंगने पुतणीचं लग्न भरलं.